एका गुणाचा झेंडा

“अंकल, तुम्ही आपल्याच टीमचे ना? मग फायनलला एखादा गोल जास्तीचा दिलात तर काय बिघडतं?”

मित्रांनो, हा प्रश्न वैभवीचा. टीममधल्या यम्नाने आणि बाकीच्या पोरींनी तिच्याशी पैज लावली होती, की सिरिल अंकलना हे तोंडावर विचारून दाखव, तरच तू खरी. प्रॅक्टिस संपली होती. अंकल मला काठीभोवती गुंडाळत होते. प्रश्न ऐकून त्यांचा हात थांबला, आणि मी अर्धाच गुंडाळलेला राहिलो.

त्यांचं उत्तर सांगतो, पण आधी माझी ओळख करून देतो. मी एक जुना पांढरा झेंडा आहे. देशाचा नाही, पक्षाचा नाही, आणि शरण आल्याचा तर मुळीच नाही. शारजातल्या मुला-मुलींच्या एका क्लबचा मी गोल-पंचाचा झेंडा. ही मुलं ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल खेळतात. चेंडू अंड्यासारखा, हातात घेतला तरी चालतो, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने मारला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला की फक्त एक. आणि मधूनच गेला, पण वाटेत समोरच्या कुणाचं बोट जरी लागलं, तरी एकच. गोल झाला की पंच दोन झेंडे हलवतो. एक गुण असला की एकच झेंडा.

तो एकच म्हणजे मी.

माझा जुळा भाऊ आहे, पण तो उजव्या हातातला. आमचे पंच सिरिल अंकल डावखुरे, त्यामुळे एका गुणाला नेहमी मीच वर जायचो. भावाचं नशीब बघा, तो फक्त गोलला वर येतो, टाळ्यांच्या गजरात. मी एकटा वर गेलो की लोक म्हणतात, “अर्रर्र!” इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवलेली मला आठवत नाही. थकायला होतं हो.

माझा जन्म शारजाच्या रोल्ला बाजारातला. शौकतभाई टेलरच्या दुकानात कुणाच्या तरी कंदुऱ्याचं कापड उरलं होतं. तिथल्या पुरुषांचा तो पायघोळ पांढरा अंगरखा असतो ना, त्याचं. सिरिल अंकल म्हणाले, “भाई, दो झंडे बना दो.” शौकतभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “सफेद? किससे हार मान रहे हो?” दोघं खूप हसले. पण शिलाई पक्की घातली. तेव्हा मी इतका कडक होतो, की वारा नसतानाही ताठ उभा राहायचो.

मग एकेक फायनल येत गेली. पहिल्या फायनलला वाळूचं वादळ उठलं. पोरं डोळे चोळत पळत होती, चेंडू कुठे नि खांब कुठे. आपण हरलो. पुढच्या फायनलला चेंडू खांबावर आदळला आणि प्लॅस्टिकच्या पाइपचा तो खांबच आडवा झाला! खांबाला लागला म्हणजे एकच गुण. पुन्हा मी वर, पुन्हा “अर्रर्र!” एका वर्षी सकाळी धुकं इतकं, की समोरचं टोक दिसेना. नंतर करोना आला आणि फायनलच झाली नाही. तो सगळा काळ मी अंकलच्या गाडीच्या डिकीत, एका रिकाम्या आइसबॉक्सखाली काढला. आइसबॉक्सचा वास अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

दरवर्षी पोरं मात्र नवी. इथे असंच असतं. एखाद्या मुलाचं नाव पाठ होतं न होतं तोच त्याच्या बाबांची नोकरी बदलते, सामान बांधलं जातं, खलास. निरोपाला सगळे “इन्शाल्ला भेटू” म्हणतात. भेटत कुणी नाही. खेळाडू बदलले, कोच बदलले, टी-शर्टचा रंगसुद्धा बदलला. बदलल्या नाहीत दोनच गोष्टी, आम्ही भाऊ आणि आपलं हरणं.

म्हणून तर वैभवीने तो प्रश्न विचारला. अंकल रागावले नाहीत. त्यांनी लांब, पलीकडच्या खांबांकडे बोट दाखवलं.

“पोरी, मी झेंडा हलवला की तिकडचा पंच काय करतो, पाहिलंयस?”

“तो पण हलवतो.”

“तिथून त्याला काय दिसतं गं?”

वैभवीने डोळे बारीक केले. “काहीच नाही.”

“आणि तो माणूस समोरच्या क्लबचा. तरी मी जे सांगीन ते मान्य म्हणून झेंडा हलवतो. आता मी एक गोल ढापला, तर फसवलं कुणाला?”

यम्ना पुटपुटली, “बट अंकल, वन्स तो जिंकू दे ना.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत अंकलही गेले. नोकरी संपली, कायमचे वसईला. जाताना त्यांनी आम्हाला वैभवीच्या हातात दिलं. “प्रश्न तू विचारलास ना? मग आता झेंडे पण तूच सांभाळ.”

पोरगी संकटात पडली. तिला पंच कशाला व्हायचंय? ती टीमची सगळ्यात वेगवान खेळाडू! पण फायनलच्या आधीच्या सामन्यात तिचा घोटा मुरगळला आणि डॉक्टरांनी पळायला मनाई केली. इकडे प्रथा अशी, की दोन्ही क्लबांनी आपला एकेक गोल-पंच द्यायचा. कोच मॅडमनी पालकांना विचारलं, “कोण उभं राहील?” सगळे पालक एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. वैभवीचे बाबा राजन तर दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसातून थेट आलेले, त्यांना नियमच ठाऊक नव्हते. शेवटी वैभवीनेच हात वर केला.

मार्चमधली दुपार. गवत हिरवं, पण सीमारेषेपलीकडे लगेच वाळू. लंगडत वैभवी खांबांमागे उभी राहिली. तिच्या तळहाताला घाम सुटला होता, तो माझ्या काठीला कळत होता. आणि मित्रांनो, आपण चक्क चांगलं खेळत होतो! शेवटचं मिनिट उरलं, तेव्हा आपण फक्त चार गुणांनी मागे. एक गोल की फायनल आपली. पहिल्यांदा.

चेंडू यम्नाकडे आला. तिने दोन पावलं टाकून लाथ मारली. समोरच्या टीमचा एक उंच मुलगा उडाला, हात ताणून. चेंडू त्याच्या वरून निघाला आणि थेट मधल्या खांबांतून आत.

काय कल्ला उठला! राजनबाबांनी घडीची खुर्चीच डोक्यावर घेतली. आई, म्हणजे सुहासिनीताई, “वैभू, हलव गं दोन्ही!” म्हणून ओरडत होत्या. यम्ना गुडघ्यांवर बसून आकाशाकडे बघत होती. मैदानावरचा पंच लांब राहिला होता. त्याने वैभवीकडे पाहून हात केला. म्हणजे, तुला दिसलं ते सांग.

आणि वैभवीला दिसलं होतं. त्या मुलाचं करंगळीजवळचं बोट मागे वाकलं होतं. मलाही दिसलं होतं. पण आम्हा दोघांशिवाय कुणाला? तो मुलगा तर तोंडावर पडलेला.

खरं सांगू? मीही थकलो होतो. मला वाटलं, जाऊ दे ना पोरी, एकदा आम्ही दोघं भाऊ बरोबर वर जाऊ दे.

वैभवीने पलीकडच्या टोकाकडे पाहिलं. तिथे एक ठिपक्याएवढा माणूस झेंडे खाली धरून वाट बघत होता. तिने ओठ चावला. एका हाताने दुसऱ्या हाताच्या बोटांवर थाप मारली, म्हणजे चेंडू हाताला लागला. एक बोट वर केलं. आणि मला उचललं.

मला एकट्याला.

“अर्रर्र” नाही आलं या वेळी. राजनबाबांची खुर्ची हळूच खाली आली. आणि पलीकडून, त्या लांबच्या टोकाहून, एक पांढरा झेंडा हलला. मान्य. मग भोंगा वाजला आणि आपण तीन गुणांनी हरलो.

यम्ना वैभवीसमोरून गेली. “सीरियसली, वैभवी? यू आर अवर गर्ल!” बाकीच्या पोरींनी तिच्याकडे पाठ फिरवली. सामान आवरून सगळे निघाले आणि मी खांबापाशी वाळूत तसाच पडून राहिलो. माझी कड पार उसवली होती. असं वाटलं, आता बास.

पण पाय ओढत कुणीतरी परत आलं. वैभवी. तिने मला उचलून झटकलं आणि छातीशी धरून गाडीत बसली.

आई सुरूच झाल्या, “कुणाला कळलं असतं गं? बिचारी यम्ना किती रडली!”

“मला कळलं होतं ना, आई.”

“पुढच्या वर्षी तू आपली खेळ,” बाबा म्हणाले. “हे झेंड्याचं झंझट नको. शिव्या खायच्या फुकट.”

तेवढ्यात काचेवर टकटक झालं. यम्ना. डोळे लाल. वैभवीने काच खाली केली.

“सच में लगा था?”

“लगा था. उंगली मुड़ गई थी उसकी.”

“वल्ला?”

“वल्ला. शप्पथ.”

यम्नाने नाक पुसलं, माझ्या उसवलेल्या कडेकडे पाहिलं. “ये तो पूरा फट गया, यार,” असं म्हणून ती निघून गेली. पण चार पावलांवर वळली आणि हात हलवला. पलीकडच्या पंचाने हलवला होता, तसाच.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना टाळ्या नकोत. खेळ संपल्यावर कुणी वाळूतून उचललं, दोन टाके घातले, तरी पुरे. जिंकलेला चषक सगळेच पुसतात.

गाडी सुरू झाली. मग वैभवी सरळ बसली.

“आई, बाबा, ऐका. पाय बरा झाला की मी लीगमध्ये खेळणार. पण पुढच्या फायनलला मी झेंडे घेऊन उभी राहणार. आपली टीम फायनलला असो की नसो. मी ठरवलंय.” तिने माझी कड बोटांनी सरळ केली. “आणि घरी नंतर जाऊ, आधी रोल्लाला घ्या. शौकतभाईंचं दुकान उघडं असेल.”