वारा कापणारी गोळी

हरणासाठी गोळ्या निवडण्यात कर्टने अख्खा उन्हाळा घालवला होता. त्याचे वडील आर्न हाउगेन आयुष्यभर बोथट नाकाच्या, शिशाच्या गोळ्या वापरत आले. पण त्यासाठी सरपटत हरणाच्या अगदी जवळ जावं लागे. यंदा म्हाताऱ्याचं हृदय पार थकलं होतं आणि डॉक्टरांनी चढ चढायला साफ मनाई केली होती. हा शेवटचा हंगाम, हे दोघांनाही ठाऊक होतं, बोलत मात्र कुणीच नव्हतं. म्हणून कर्टने तांब्याच्या लांब, निमुळत्या गोळ्या आणल्या. वारा कापत जाणाऱ्या. मोंटानातल्या त्या उघड्या टेकाडावर बसल्या जागेवरून बार काढायचा, बस्स!

"ही गोळी आहे की दाभण?" आर्नने डिवचलं.

"तुम्ही फक्त चाप ओढा, बाबा. पुढचं ती बघून घेईल."

आर्नने चाप ओढला. पलीकडच्या उतारावरचा नर दचकला, पाठ वाकवून क्षणभर उभा राहिला आणि झुडपांत शिरला. दोघं तिथवर पोचले तर रक्ताचे चारदोन थेंब. कर्टला चूक उमगली. इतक्या लांब जाईतो गोळीचा वेग उतरला होता. आत शिरल्यावर टोक उमलून जखम रुंद व्हायला हवी, ते उमललंच नाही, ती नुसती आरपार गेली. वारा किती कापते एवढंच या दीडशहाण्याने पाहिलं होतं.

"तुम्ही बसा. मी माग काढतो."

"बार कुणी काढला? आपल्यात ज्याचा बार त्याची पायपीट. विसरलास होय रे?"

दिवस कलेपर्यंत आर्न चालत राहिला, छातीवर हात दाबत, दर झुडपाशी थांबत. कर्ट विनवण्या करून थकला, शेवटी ओरडलासुद्धा. ओढ्याच्या खडकावर माग संपला.

आर्न खाली बसला. खिशातून परवान्याची चिठ्ठी काढून त्याने चाकूने तारखेवर खाच पाडली. हरीण हाती लागल्यावर पाडतात तशी; एका चिठ्ठीवर एकच हरीण.

"बाबा, अहो, हंगाम अजून उरलाय!"

"माझा संपला. पडलं असेल बिचारं कुठंतरी तडफडत. ते माझंच."

"गोळी मी निवडली होती. तुम्हाला चालावं लागू नये म्हणून."

"मला चालायचंच होतं रे," म्हातारा म्हणाला. "एकदा शेवटचं, जवळ जायचं होतं. तू विचारलंच नाहीस."