खेळी बुडू नये म्हणून

माणसाचं सर्वांत मोठं नुकसान म्हणजे हातातून निसटलेला क्षण. तो कुठल्याही भरपाईने परत मिळत नाही, असं माझं प्रौढ आणि विचारपूर्वक मत आहे. हे मत माझा गेंडा लागोपाठ तिसऱ्यांदा झोपला तेव्हा झालं.

गेंडा व्हिडिओ गेममधला. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आमचा एक क्लब आहे. तिथे पोटापाण्याला लागलेली, काही तर टक्कल पडलेली माणसं संध्याकाळी जमतात आणि आपापले राक्षस एकमेकांवर सोडतात. प्रत्येकाचे तीन राक्षस. दोघांनी एकाच वेळी गुपचूप एकेक चाल निवडायची आणि मग पडद्यावर जे होईल ते सोसायचं. निवडायला अर्धं मिनिट मिळतं. बघणाऱ्याला वाटतं, जोरात मारेल तो जिंकेल. तसं नसतं. ज्याची खेळी बुडत नाही तो जिंकतो. राक्षसाला गुंगी आली की तो झोपतो आणि खेळी बुडते. अंग आखडलं तरी बुडते. आधी फटका खाऊन दचकला तरी बुडते. यावर उपाय म्हणून त्याच्याकडे एखादी वस्तू देता येते: गुंगीवर घंटा, आखडण्यावर मलम, दचकण्यावर गळपट्टा. पण एका राक्षसाला एकच वस्तू. घंटा दिली की गळा उघडा.

मी विमा कंपनीत दावे तपासतो, म्हणजे लोकांचं नुकसान झालं आहे यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. हा खेळ जणू माझ्यासाठीच बनवला होता. माझ्या तिन्ही राक्षसांचा मी कसून विमा उतरवला. कुणाला काय दिलं हे मी घरातसुद्धा बोलायचो नाही. तरीही माझा साडू दर वेळी नेमका तिथेच वार करायचा जिथे माझा विमा नसे. गळपट्टा घातला की गुंगी. घंटा बांधली की असा फटका, की गेंडा दचकून मागे सरे.

साडूचं नळांचं आणि पाइपांचं दुकान आहे. जाड मानेचा, मोठ्याने हसणारा माणूस. मला तो ‘विमासाहेब’ म्हणतो.

“विमासाहेब, गेंड्याला रात्री झोप लागत नाही का हो घरी? इथे येऊन झोपतो तो.”

“तुम्हाला बरं कळतं, साडूभाऊ, आज गुंगीच आणायची ते.”

“अहो, डोळे आहेत ना मला.”

हे तो हसत म्हणाला. माझ्या धंद्यात हसत दिलेलं उत्तर वेगळं नोंदवून ठेवतात.

एरवी मी हे सोडूनही दिलं असतं. पण त्या महिन्यात परगावी जोड्यांची मोठी स्पर्धा होती. क्लबतर्फे एकच जोडी जायची. त्यातली एक जागा माझ्या बायकोने केव्हाच पटकावली होती. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि आमच्या क्लबात तिच्यासमोर बसणं टाळायला लोक कारणं सांगतात. मला हा खेळ तिनेच शिकवला. दुसरी जागा माझ्या आणि साडूच्या अंतिम सामन्यातून ठरणार होती. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो; गेलो तेव्हा बरोबर कुणाचं तरी आजारपण, भांडण किंवा सामान असायचं. तिने हॉटेल ठरवलं होतं. माझी रजा तिने मला समोर बसवून टाकायला लावली होती. म्हणजे मी हरलो तर माझी बायको माझ्या साडूबरोबर स्पर्धेला जाणार, आणि मी मंजूर झालेल्या रजेसह घरी बसणार.

बातमी फुटत होती यात मला शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की कुठून. माझी बायको आणि तिची ताई, म्हणजे साडूची बायको, रोज फोनवर बोलतात. विषय भाज्यांचे असतात असं मला सांगण्यात आलं होतं.

आमच्या खात्यात एक जुनी पद्धत आहे. ज्याच्यावर संशय असेल त्याला एक खोटी गोष्ट सांगायची आणि ती दुसऱ्या दाराने परत येते का ते बघायचं. सरावाच्या आदल्या संध्याकाळी मी भांडी पुसता पुसता सहज म्हणालो, “उद्या गेंड्याला घंटा बांधतोय. झोपेची कटकट नको.” प्रत्यक्षात त्याला गळपट्टा होता. बातमी पोहोचली, तर साडू गुंगीच्या भानगडीत न पडता दचकवायला बघेल आणि पुरता फसेल.

“बांध,” ती म्हणाली. “तो कप नीट पूस.”

दुसऱ्या दिवशी साडूने पहिल्याच चालीला गुंगी आणली. गेंडा गळपट्ट्यासकट आडवा झाला.

सरळ मनाच्या माणसाने यातून बायको निर्दोष आहे असा निष्कर्ष काढला असता. मी अनुभवी असल्यामुळे माझ्या लगेच लक्षात आलं, की ती नुसती फितूर नाही; तिला माझं खोटं ओळखताही येतं.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून वावरू लागलो. वस्तू बदलायच्या त्या न्हाणीघरात, कडी लावून. क्लबात माझ्या पाठीमागे काचेचं कपाट होतं. त्यात माझा पडदा दिसत असणार म्हणून मी खुर्ची फिरवली. पुढच्या खेपेला भिंतीला टेकून बसलो. साडूने त्या दिवशी माझ्या दुसऱ्या राक्षसाचं, विंचवाचं, अंग आखडून दाखवलं. विंचवाकडे घंटा होती. म्हणजे मलमच नव्हतं.

“भिंतीला चिकटलात का हो?” साडूने विचारलं. “ओल येतेय तिथे. पाइप फुटलाय आतून. स्वस्तात करून देतो.”

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी जेवताना मी विषय काढला. असे विषय काढण्याचं मला प्रशिक्षण आहे. आधी साधा प्रश्न विचारायचा.

“आज ताईंशी काय बोलणं झालं?”

“दुधी.”

“फक्त दुधी?”

तिने घास खाली ठेवला. “काय म्हणायचंय तुला?”

“काही नाही. भाऊजी तुझे चांगले खेळतात. माझ्यापेक्षा चांगले. तुला जिंकायचंय, हे मी समजू शकतो.”

“म्हणजे मी तुझ्या गेंड्याची माहिती ताईला देते, ताई भाऊजींना देते, आणि मग मी भाऊजींबरोबर त्या हॉटेलात राहून सकाळ-संध्याकाळ त्यांचे पाइपांचे किस्से ऐकते. असं?”

“मी तसं म्हटलेलं नाही.”

“तू म्हणत काहीच नाहीस. न्हाणीघराची कडी लावतोस. मला वाटलं पोट बिघडलंय. मी दोन दिवस मऊ भात केला.”

हे मात्र खरं होतं. भाताचा अर्थ मी वेगळा लावला होता.

तिने आवाज न करता माझ्या ताटात आणखी भात वाढला. तिचा राग असाच असतो, भांडं न वाजता तापणारा. मग काहीतरी सुचल्यासारखं तिने विचारलं, “सामना सुरू होतो ना, तेव्हा तू काय करतोस?”

“कधी?”

“सुरुवातीला. सामन्याच्या अटी मान्य केल्याचं बटण दाबल्यावर, राक्षस उभे राहतात ओळीने, वाजंत्री वाजते, तेव्हा.”

“ते मी बघत नाही. पडद्यावर जे आपोआप येतं ते कुणी बघतं का? मी विम्यात आहे; अटी कुणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मी चष्मा पुसतो.”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात सगळं शिकवून झाल्यावर एखाद्याने पहिल्या पानावरची शंका विचारली की शिक्षक बघतात, तसं.

“पूस,” ती म्हणाली.

“का विचारलंस?”

“मी आता कुणाला काहीच सांगणार नाही. ताईलाही नाही आणि तुलाही नाही. तुला तेच हवं होतं ना?”

आणि ती ताट घेऊन उठली. कुठेतरी पाणी मुरतंय, अशी माझी खात्री पटली.

अंतिम सामन्याला बरीच गर्दी होती. पंच म्हणून चावी बनवणारे काका होते. क्लबाची चावी त्यांच्याकडेच असते. ताई आल्या होत्या. माझी बायको त्यांच्या शेजारी बसली होती, आणि दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलत नव्हत्या. हे मला सर्वांत जास्त संशयास्पद वाटलं.

वाजंत्री वाजली. मी चष्मा पुसला.

खेळ मात्र या वेळी माझ्या बाजूने वळला. नशिबाने साडूच्या गुंगीचा नेम एकदा चुकला, माझ्या विंचवाने त्याचे दोन राक्षस लोळवले आणि मग स्वतः पडला. माझा तिसरा राक्षस, घार, त्याच्या आधीच पडला होता. शेवटी माझा गेंडा आणि त्याचा दगडी बेडूक समोरासमोर उरले. बेडकात एका फटक्यापुरता जीव होता. गेंडा ताजातवाना होता, त्याच्या गळ्यात घंटा होती, आणि बेडकापेक्षा तो चपळ होता. फटका आधी माझाच बसणार होता. मला फक्त ‘मार’ दाबायचं होतं.

तेवढ्यात साडू खुर्चीत मागे रेलला आणि हसला.

हरणारा माणूस असा का हसेल? मी बायकोकडे पाहिलं. तिने कान खाजवला. उजवा. ताईंनी पदर सावरला. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याला घंटा ठाऊक आहे. घंटा ठाऊक आहे म्हणजे गुंगी आणणार नाही, दचकवेल. पण दचकवायचं तर आधी मारायला हवं, आणि बेडूक तर मंद. मग बेडकाकडे चपळ करणारं काहीतरी असणार. तसं असेल तर मी मारण्याऐवजी आडोसा घ्यायला हवा. पण मी आडोसा घ्यावा, म्हणूनच तर तो हसला नसेल? मी पुन्हा बायकोकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

पडद्यावर घड्याळाचं चित्र आलं आणि गेलं. ‘वेळ संपली’ अशी अक्षरं उमटली. घंटा, मलम, गळपट्टा यांपैकी काहीही ज्यावर चालत नाही अशा कारणाने माझी खेळी बुडाली होती. बेडकाने दगड फेकला. दगड गेंड्याच्या वर्मी लागला आणि सामना संपला.

“तुम्ही का हसलात?” मी साडूला विचारलं.

“हरलोच होतो की, साहेब. रडू?”

चावीवाले काका वायरी गुंडाळत होते. मी त्यांच्याकडे रीतसर तक्रार नोंदवली: समोरच्या खेळाडूला माझ्या वस्तूंची माहिती आधीपासून होती.

“असणारच,” काका म्हणाले. “वाजंत्री वाजते तेव्हा दिसतात ना. तुमच्या त्याला, त्याच्या तुम्हाला. राक्षसाच्या पायाशी ठेवलेल्या असतात.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बेडकाच्या पायाशी काही नव्हतं. पाहिलं नाहीत?”

बायको जिना उतरायला लागली होती. मी मागोमाग गेलो. सायकलच्या दुकानापाशी तिला गाठलं आणि म्हणालो, “सांगायचंस ना.”

“काल सांगणारच होते,” ती म्हणाली. “तेवढ्यात आठवलं, मी फितूर आहे.”

शुक्रवारी ती साडूबरोबर गेली. ताईही गेल्या, म्हणून हॉटेलची खोली कमी पडली आणि दुसरी घ्यावी लागली. मी रजेवर घरी होतो. रविवारी ती परत आली, बॅग ठेवली आणि स्वतःसाठी चहा टाकला. थोड्या वेळाने दुसरा कप काढला.

“काय झालं?” मी विचारलं.

“पहिल्याच फेरीत गेलो.”

“भाऊजींनी खेळी बुडवली?”

“नाही. समोरचे चांगले होते.”

त्या मोठ्या स्पर्धेला एकूण तीनच जोड्या आल्या होत्या.