बंडूची डावी बाजू

बंडूने जांभई दिली, तेव्हा कुठे अक्षताने त्याच्या पाठीवरचे हात उचलले. चांगली ऐसपैस जांभई होती, पिवळे दात आणि गुलाबी टाळू सगळं दाखवणारी. मग त्याने ओठ चाटले, मान खाली सोडली आणि डोळे अर्धे मिटून घेतले.

"सुटलं," अक्षता म्हणाली. "मॅडम, इथे हात लावून बघा. गेल्या आठवड्यात दगड होता इथे."

सुनेत्राने काठी तबेल्याच्या भिंतीला टेकवली आणि डाव्या बरगड्यांच्या वर, खोगीर बसतं त्या जागी, भीतभीतच तळहात ठेवला. गेले दोन महिने तिथे नुसतं बोट लावलं तरी बंडू पाठ खाली चोरायचा. आज त्याने कानही हलवला नाही. कातडीखालचं मांस भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागलं. सुनेत्राचा जीव भांड्यात पडला.

"कमाल आहे बाई तुझी," ती म्हणाली. "आणि मी तुला पहिल्या दिवशी काय काय बोलले होते!"

"भोंदू म्हणालात."

"भोंदू नाही म्हणाले. हा प्रकार भोंदूपणाचा वाटतो, असं म्हणाले होते."

"हां, मग ठीक आहे," अक्षता हसून म्हणाली आणि हात पुसायला नळाकडे गेली.

सुनेत्राचाही इलाज नव्हता. तीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात गेलेली. कागद असल्याशिवाय ती सख्ख्या भावाचा ताप खरा मानत नसे. आणि ही मुलगी डोळे मिटून घोड्याच्या पाठीवर हात ठेवणार, कधी तर पाठीच्या बोटभर वरच हात धरणार, आणि सांगणार की ऊर्जा अडली आहे, सोडवते. तिच्या बाजूने सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ती राजारामची मुलगी होती. राजाराम या घोडेस्वारीच्या क्लबातला सगळ्यात जुना मोतद्दार. चाळीस वर्षं त्याने गवताची पेंढी वळून घोडे चोळले. त्याची अक्षता नायगावच्या चाळीत वाढली, फिजिओथेरपी शिकली, परळच्या एका दवाखान्यात माणसांचे गुडघे वळवू लागली आणि मग कुठला तरी परदेशी अभ्यासक्रम करून पुन्हा घोड्यांकडे आली. बापाला त्यातलं निम्मं पटत होतं. उरलेल्या निम्म्याबद्दल तो बोलत नसे.

क्लबाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढले होते, रक्त तपासलं होतं. काही सापडलं नाही. कमिटीने महिनाअखेरची मुदत दिली. तोवर सुधारला तर ठीक, नाहीतर बंडूला नगरकडच्या एका फार्मवर पाठवायचं, आरामाला. सतरा वर्षांचा घोडा एकदा आरामाला गेला की त्याची चौकशी करायला कोण जातं? कधीकाळी महालक्ष्मीला तो शर्यतीत धावला होता, तेव्हा त्याला तीन शब्दांचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते आता कमिटीलाही फायलीतच शोधावं लागलं असतं.

सुनेत्राला मात्र बंडू गेला असता तर काय गेलं असतं, ते सांगता आलं नसतं. निदान तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. डावा पाय वेलीसारखा राहिला. चालताना प्रत्येक पावलाला डावी बाजू खचायची आणि तिला ती वर उचलून घ्यावी लागायची. पंचेचाळिसाव्या वर्षी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिला हट्टाने इथे आणलं, दोघातिघांनी उचलून बंडूवर बसवलं, राजारामने लगाम धरला आणि घोडा चार पावलं चालला. त्या चार पावलांत तिची कंबर एकदाही खचली नाही. लोक असे चालतात होय, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशी प्रभादेवीला घरी पोचेपर्यंत ती टॅक्सीत रडत होती. टॅक्सीवाल्याने बिचाऱ्याने आरसा वर वळवून घेतला होता.

तेव्हापासून नऊ वर्षं, मंगळवार आणि गुरुवार, सकाळी साडेसहा ते सव्वासात.

बंडू दुसऱ्या कुणाला नकोच होता. त्याची चाल तिरकी होती. अंग डावीकडे काढून चालायचा, त्यामुळे धडधाकट माणूस त्याच्यावर बसला की उजवीकडे घसरायचा. मेंबर लोक एकदा बसत आणि पुन्हा त्याचं नाव काढत नसत. सुनेत्रा मात्र त्याच्यावर खिळल्यासारखी बसायची. 'हा तिरका घोडा फक्त मॅडमनाच जमतो,' असं क्लबातले लोक म्हणत आणि सुनेत्राला ते आवडायचं. अंगाने काही जमवल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिचं कौतुक करत होतं.

अक्षताने पहिल्या दिवशी एकच अट घातली होती. हे काम जोडीने करायचं असतं. आधी घोडा बघायचा, मग स्वार बघायचा, मग दोघांना एकत्र.

"माझं काही बघायचं नाही," सुनेत्राने तोडून टाकलं होतं. लहानपणी तिच्या पायाला इतक्या लोकांनी हात लावले होते, तेल चोळलं होतं, अंगारे लावले होते, की आता त्या पायाला तिची तीच हात लावत असे. "घोड्याचं दुखतंय, घोड्याचं बघ."

अक्षताने पुढे रेटलं नाही. ज्यांना आपले पप्पा 'बाई' म्हणतात, त्यांना ती कसं रेटणार?

पाठ सुटल्यानंतरच्या मंगळवारी क्लबाच्या शिक्षिका दर्शना बंडूवर बसल्या. सुनेत्राने आपली पाळी मुद्दाम त्यांना दिली होती. त्या दिवशी तिला ऑफिसात लवकर पोचायचं होतं, त्यामुळे ती थांबली नाही. दुपारी दर्शनाबाईंचा फोन आला. बंडू दोरी धरल्यासारखा सरळ चालतोय. दुडकीही स्वच्छ. त्या स्वतः कमिटीला सांगणार होत्या, घोडा कुठेही जाणार नाही. सुनेत्राने फोन ठेवला आणि सगळ्या विभागाला चहा सांगितला. कशाबद्दल, ते विचारलेल्यांना ती म्हणाली, घरचं माणूस बरं झालं.

गुरुवारी राजारामने बंडूला चौथऱ्यापाशी उभा केला. सुनेत्रा पायऱ्या चढून नेहमीसारखी बसली. अक्षता रिंगणाच्या कठड्याबाहेर हाताची घडी घालून उभी होती. तिलाही आज बघायचं होतं.

पहिल्या वळणावर सुनेत्रा डावीकडे घसरली.

तिने आयाळ पकडली, सावरली. लक्ष नव्हतं, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सरळ रेषेतच तिची कंबर खचली, अगदी जमिनीवर खचते तशी, आणि राजारामने धावत येऊन तिच्या कमरेला हात लावला नसता तर ती खाली आली असती.

"काय केलंस तू याला?" ती कठड्याकडे बघून ओरडली. आवाज चढला होता, हे तिचं तिलाच कळत होतं. "नऊ वर्षांत मी एकदा पडले नाही याच्यावरून! एकदा! बिघडवून ठेवलास तू माझा घोडा!"

अक्षता पांढरी पडली. ती आत आली, घोड्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, प्लीज, फक्त पन्नास पावलं. पप्पा, तुम्ही बाजूला धरून चाला. मला मागून बघू दे."

ते चालले. अक्षता मागून येत राहिली. मग तिने थांबवलं आणि बापाला विचारलं, "पप्पा, हा इथे आला तेव्हा तिरका होता?"

राजाराम लगामाच्या चामड्याकडे बघू लागला.

"नाय."

"मग कधीपासून?"

"बाई बसायला लागल्या, तेव्हापासून. तीन-चार महिन्यांत तेच अंगात बसलं."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" राजाराम म्हणाला. "मला वाटलं, त्याचं त्याने जमवलंय."

अक्षता पुढे आली.

"मॅडम, बसलं की तुमची डावी बाजू खाली जाते. तिकडे मांस कमी आहे ना, म्हणून. तुम्ही डावीकडे सरकता आणि हा... हा तुमच्याखाली सरकायचा. डावी पाठ वर काढून तुम्हाला उचलून धरायचा. म्हणून तिथे दगड झाला होता. मी दुखणं समजून मोकळं केलं. जोडीने बघायला हवं होतं. माझं चुकलं."

तिरका घोडा आपल्याला जमतो, या एका गोष्टीवर सुनेत्राने नऊ वर्षं मान ताठ ठेवली होती. तिने हाताने पुढे चल अशी खूण केली. काही न सुचून केली. राजाराम चालू लागला, बंडू चालू लागला, आणि दहा-बारा पावलांनंतर तिला ते जाणवलं.

डावीकडून, खोगिराच्या खालून, काहीतरी हळूच वर आलं. बरगड्या तिच्या बाजूला फुगल्या. घोड्याचं पाऊल जरा डावीकडे पडलं, पुढचं आणखी जरासं. तिची कंबर उचलली गेली, पाठीचा कणा सरळ झाला. तेच सुख, जसंच्या तसं. आज फक्त ते येताना तिला कळलं, इतकंच.

"पुन्हा करतोय," मागून अक्षता हळू आवाजात म्हणाली. "कुणी सांगितलं नाही त्याला."

"असं किती दिवस करेल?"

"करेल हो. दोन महिने, तीन महिने. मग पुन्हा पाठ धरेल. त्या वेळी मला सोडवता येईल की नाही, माहीत नाही."

सुनेत्राने एक अख्खी फेरी घेतली. खोटं कशाला सांगायचं, थांब म्हणायला तिला एक अख्खी फेरी लागली. त्या फेरीत तिला आत्या आठवली, जी तिला लहानपणी कडेवर घेऊन शाळेत पोचवायची आणि आल्यागेल्याला ते सांगायची. मामा आठवला, दादरचे डॉक्टर आठवले. ज्यांनी ज्यांनी तिला उचललं होतं त्या सगळ्यांनी, प्रेमानेच का होईना, ते तिच्या कानावर घातलं होतं. या जनावराने नऊ वर्षं तिला उचलून धरलं, वर तिरका म्हणून नाव ठेवून घेतलं, आणि तिला कळूसुद्धा दिलं नाही.

"राजारामभाऊ, थांबवा."

ती चौथऱ्यावर उतरली, पायऱ्या उतरून खाली आली. बंडूच्या डाव्या बरगड्यांवर तिने कपाळ टेकलं आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ. तिच्या नाकातोंडात त्याचे केस गेले असतील, पण ती हलली नाही. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. राजाराम शहाणा माणूस, त्याने कान दुसरीकडे ठेवले.

मग तिने वळून विचारलं, "माझ्यावर काम केलंस तर?"

"करू ना," अक्षता म्हणाली. "पाय नाही बदलणार, मॅडम. बसणं बदलेल थोडं. वर्ष जाईल, जास्तही जाईल. नक्की बसता येईलच असं नाही सांगत मी."

"आणि तोपर्यंत?"

अक्षताने बंडूकडे बघितलं. "तोपर्यंत याच्यावर नाही."

सुनेत्राने मान डोलावली. दाव्याचा कागद नीट वाचून झाल्यावर ती डोलवायची तशीच. मग तिने डोक्यावरची टोपी काढली, पट्टा मोकळा केला आणि अक्षतापुढे धरली.

"बस."

"कोण, मी?" अक्षता बापाकडे बघत म्हणाली. "मॅडम, मी मेंबर नाही. लहान असताना पप्पांनी एकदा तबेल्यामागे बसवलं होतं, तर केवढा ओरडा खाल्ला होता त्यांनी."

"पाळी माझी आहे. माझ्या पाळीत कोण बसतं, ते मी बघेन. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, राजारामभाऊ."

राजारामने खोगिराचा पट्टा एक घर आवळला आणि मुलीला पाय टेकायला ओंजळ पुढे केली.

अक्षता बसली. पहिल्यांदा घाबरली, मग तिचे खांदे खाली आले. बंडूने दोन पावलं वाट पाहिली, वर बसलेलं अंग कुठे खचतंय का ते बघितल्यासारखी. मग तो चालू लागला.

सुनेत्रा कठड्याला धरून उभी राहिली. नऊ वर्षं तिने याचे फक्त कान आणि आयाळ बघितली होती. तो चालताना कसा दिसतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. मागचा पाय पुढच्याच्या ठशात नेमका पडत होता, मान प्रत्येक पावलाला होय होय म्हणत होती, शेपूट अगदी मधोमध झुलत होती. एवढा देखणा होता तो. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"काय छान चालतो हो," ती म्हणाली.

"चालतोच तो," शेजारी येऊन उभा राहिलेला राजाराम म्हणाला. तोही मुलीवरून नजर काढत नव्हता.

एक फेरी झाली. अक्षताने त्यांच्यासमोर बंडूला उभा केला आणि उतरायला उजवा पाय रिकिबीतून बाहेर काढला.

"उतरू नकोस," सुनेत्रा घड्याळाकडे बघत म्हणाली. "माझी अजून वीस मिनिटं आहेत."