मागच्या सीटवरची परीक्षा

धाकट्याने व्हॅनच्या छताला आणि बाजूंना आतून भोकाभोकांचे पत्रे बसवले, तेव्हा थोरला म्हणाला, "छान. आता हिच्यात पीठ चाळा." वर्कशॉपमधले सगळे हसले. धाकटाही हसला, आणि तेच थोरल्याला जास्त झोंबलं.

आवाज दाबायचा तर जाड फोम आणि वर रेक्झिन, हे आजवर थोरल्याचं राज्य. धाकट्याचं म्हणणं, आवाज भोकांतून आत शिरतो आणि पत्र्यामागे बोटभर जागेत भरलेल्या लोकरीत जिरतो. हे ऐकताना वडिलांचे डोळे असे चमकत, की थोरल्याच्या पोटात दुखायला लागे. आपल्या फोमकडे म्हाताऱ्याने कधी असं पाहिलं होतं?

शाळेच्या बसगाड्यांचं मोठं काम आलं होतं. ते कोणाच्या हाती द्यायचं, हे वडील त्यांच्या नेहमीच्या परीक्षेने ठरवणार होते. यंत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. ते मागच्या सीटवर बसून चढणीवर साध्या आवाजात काहीतरी सांगत. चालवणाऱ्याला ऐकू आलं तर गाडी पास. एकाची गाडी दुसऱ्याने चालवायची, म्हणजे वशिला नको. थोरल्याची गाडी सकाळीच नापास झाली होती.

आता धाकट्याची व्हॅन होती आणि स्टिअरिंग थोरल्याकडे; धाकटा मागे वडिलांच्या शेजारी बसला होता. चढण लागली, इंजिनावर ताण आला, तरी आत इतकं शांत की त्याला चीड आली. मागून वडिलांचा आवाज आला, "पंपापाशी उजवीकडे घे."

पंप आला. थोरला सरळ गेला.

वडिलांनी पुढे वाकून, ऐकू नाही आलं का, असं ओरडून विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. आरशात धाकट्याचं तोंड एवढंसं झालेलं दिसलं. बरी जिरली, असं त्याला वाटलं, आणि छान वाटलं.

चढण अजून संपली नव्हती. धाकटा कुजबुजला, "बाबा, दादाने मुद्दाम तर नाही ना केलं?"

"गप," वडील त्याहून हळू म्हणाले. "तुझंच काहीतरी चुकलं असेल. तो चिडका आहे, तोंडाचा फटकळ आहे, पण कामात खोटं बोलणार नाही. माझ्या कानांपेक्षा त्याच्या शब्दावर माझा जास्त विश्वास आहे."

शब्द न् शब्द स्पष्ट आला. आयुष्यभर बापाच्या तोंडून जे ऐकायची आस होती, ते थोरल्याने ऐकलं, आणि ऐकू आलं असं सांगायची सोय राहिली नव्हती.