हॅथरलीचा कबुलीजबाब

जेथ्रो टॅम्ब्लिन आणि मी कॉर्नवॉलमधल्या एकाच गावचे. घरची मासेमारी, वशिला कुणाचा नाही, तरी पठ्ठ्या आरमारात लेफ्टनंट झाला. आणि मग कॅप्टन ल्यूशियस हॅथरलीच्या जहाजावर त्याची नेमणूक झाली.

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या एका खाडीत फ्रेंचांचं मालवाहू जहाज नांगरून होतं. टॅम्ब्लिनने पहाटे तीन होड्या घेऊन ते पळवून आणायचं आणि कॅप्टनने स्वतः जहाज घेऊन खाडीच्या तोंडाशी तोफा रोखून थांबायचं, हा हुकूम हॅथरलीचाच. टॅम्ब्लिनने जहाज ताब्यात घेतलं, वळून पाहिलं, तर खाडीचं तोंड मोकळं! क्षितिजावर दोन शिडं दिसली म्हणून हॅथरली निघून गेला होता. वारा पडलेला. किनाऱ्यावरच्या तोफा सुरू झाल्या, तेव्हा जिंकलेलं जहाज सोडून होड्यांतून पळावं लागलं. एक होडी फुटली. तिच्यात टॅम्ब्लिनचा धाकटा भाऊ पॅस्को होता.

ती दोन शिडं मच्छीमारांची निघाली.

चौकशीत हॅथरलीने शपथेवर सांगितलं, "मी हुकूम दिलाच नव्हता. याला बढतीची घाई झाली होती." कोर्टाने कॅप्टनचं ऐकलं. टॅम्ब्लिन कित्येक वर्षं बंदरावर कामाविना हिंडला. ज्यांना त्याने दोराच्या गाठी शिकवल्या, ती पोरं कॅप्टन होऊन त्याच्यासमोरून जात. लढाई आणखी पेटली, अधिकारी कमी पडू लागले, तेव्हा कुठे त्याला पुन्हा घेतलं. मग तो असा काही लढला, की शेवटी 'थिसल' ही लढाऊ फ्रिगेट त्याच्या हाती आली. वारा, नकाशे आणि भरती-ओहोटी सांभाळायला त्याने मला मागून घेतलं.

नोव्हेंबरातल्या एका वादळानंतर, सकाळी, आम्हाला उशांत बेटाच्या खडकांकडे वाहत चाललेलं एक इंग्रज जहाज दिसलं. डोलकाठ्या मोडलेल्या, नांगर तुटलेले. टॅम्ब्लिनने दुर्बीण लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

"'सेंट ऑस्वाल्ड'," तो म्हणाला. "हॅथरलीचं जहाज."

मी दोर तयार करायला सांगितला. टॅम्ब्लिनने हात वर करून माणसं थांबवली. 'थिसल' त्याने हाकेच्या अंतरावर नेली आणि कर्णा तोंडाला लावला.

"कॅप्टन हॅथरली! ओळखलंत का?"

पलीकडून आवाज आला, "टॅम्ब्लिन? देवाची कृपा! दोर फेका!"

"फेकतो. आधी एक सांगा. त्या सकाळी खाडीत जायचा हुकूम कुणाचा होता?"

"वेड लागलंय का तुम्हाला? माझ्याकडे तीनशे माणसं आहेत!"

"माझ्याकडे एक भाऊ होता."

मी त्याची बाही धरली. "साहेब, ओहोटीची ओढ आहे. पाव तासात ते खडकांवर जातील. आधी दोर द्या, मग काय ते भांडा."

"दोर मिळाल्यावर तो बोलेल का, ओबेड? तूच सांग."

हॅथरलीच्या मागचे खलाशी ओरडायला लागले, "सांगा की, म्हातारबा! बोला!" एक मोठी लाट त्या जहाजाच्या पुढच्या टोकावरून गेली. दोर घ्यायला तिथे उभी असलेली तीन माणसं परत दिसली नाहीत.

"माझा!" हॅथरली किंचाळला. "हुकूम माझा होता! मी घाबरून पळालो, आणि कोर्टात खोटं बोललो! आता तरी दोर फेक, हरामखोरा!"

"सगळ्यांनी ऐकलंत?" टॅम्ब्लिनने दोन्ही जहाजांना विचारलं. मग कर्णा खाली ठेवून स्वतः दोराला हात घातला. त्यानंतर त्याने जे केलं तसं जहाज चालवणं मी कधी पाहिलेलं नाही. खडकांचा फेस दिसत असताना त्याने ते मेलेलं धूड ओढून बाहेर काढलं.

प्लीमथला दोघांचीही चौकशी झाली. हॅथरली म्हणाला, ते गळ्यावर सुरी ठेवून वदवून घेतलेलं होतं. पण तोंड उघडल्यावर ते मिटतं थोडंच? त्या खाडीच्या वेळचे त्याचेच दोन जुने खलाशी पुढे आले आणि हुकूम कानाने ऐकल्याची साक्ष दिली. हॅथरलीला आरमारातून काढलं. टॅम्ब्लिनलाही काढलं, त्या तीन माणसांसाठी. त्याने बचाव केलाच नाही.

त्या तिघांपैकी एकाची आई नंतर चालत आमच्या गावी आली. टॅम्ब्लिनने दार उघडलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ती त्याच्या तोंडावर थुंकली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच दारात उभा राहिला.

"परत तीच वेळ आली तर?" मी एकदा विचारलं.

"त्या तिघांची तोंडं डोळ्यांसमोरून हलत नाहीत," तो म्हणाला. "पण दोर त्याने कबूल केल्यावरच फेकीन."

गेल्या हिवाळ्यात हॅथरली मेल्याची बातमी आली. कसा मेला, हे टॅम्ब्लिनने विचारलं नाही. त्याने ठेवणीतली चांगली ब्रँडी काढली, दोन पेले भरले, आणि माझी वाट न बघता आपला रिकामा केला.