फुंकायचं मशीन आणि नवरीची गाडी

मित्रांनो, मी एक जुना ब्रेथ अ‍ॅनालायझर आहे. नाव जड आहे, म्हणून मेहकरच्या रस्त्यावर सगळे मला ‘फुंकायचं मशीन’ म्हणतात. जन्म कारखान्यातला, उमेदीची वर्षं मात्र हवालदार जयमालाताईंच्या हातात गेली. मला नवी नळी लावायची, चालकानं फुंकायचं आणि त्याच्या अंगातली दारू मी आकड्यात दाखवायची. हे काम मी चोख करतो. कोणी मला हात जोडतो, कोणी शिव्या देतो. आकडा बदलत नाही.

एकदा ऐन लग्नसराईत, भर दुपारी, सुलतानपूरहून नवरीची गाडी आली. आमच्याकडे या गाडीच्या चालकाला टोपी-दुपट्ट्याचा मान असतो. नवरदेवाच्या मामांनी, शालिग्रामरावांनी, त्याला मांडवामागं नेऊन वरचा एक मानही केला होता. चालक कुलदीप कच्चा कांदा चघळत हसला.

“मॅडम, नवरीले उशीर होऊन राह्यला.”

“होऊ दे. फुंक.”

त्यानं कंजुषासारखी अर्धीच फुंक मारली. मी आकडाच दिला नाही. दुसऱ्यांदा नीट फुंकायला लावलं, तर मर्यादेच्या तिप्पट दारू निघाली. कांद्यानं माणसाचं नाक फसेल. मला नाकच नाही.

“त्याले म्याच पाजली,” शालिग्रामराव गाडीतून उतरून पुढं आले. “मानाची होती. दंड मले लावा.”

“मामा, गाडी तुम्ही चालवत होते का?” जयमालाताई म्हणाल्या. “पहिल्याच गुन्ह्याले सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. लायसन जाते ते वेगळंच. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत आत.”

कुलदीपचं हसू मावळलं. त्याचं घर त्या लायसनवर चालत होतं.

“आता मेहकर आलंच,” मामा अजिजीनं म्हणाले. “हळूहळू जाऊ द्या.”

तेव्हा मागचं दार उघडून नवरी काजल खाली उतरली.

“मी याच्या गाडीत बसत नाही. मले निघतानाच वास आला होता. मंघा एक ट्रक अंगावर आला, तवा मी भीतीनं डोळे मिटले. पण नवी नवरी बोलली तर लोक काय म्हणतीन, म्हणून गप बसली.”

मामांनी मान खाली घातली. मेहकरहून दुसरा चालक आला, त्यानं आधी मला फुंकून दाखवलं आणि मगच गाडी हलली. कुलदीपला कोर्टात दंड झाला, लायसन निलंबित झालं आणि उरलेली लग्नसराई त्यानं घरी बसून काढली. मला त्याचं वाईट वाटलं. पण काजल सुखरूप सासरी पोहोचली, याचा आनंद त्याहून मोठा होता.

आता मी थकलो आहे. वेळेवर तपासणी झाली नाही तर माझाही आकडा चुकेल, म्हणून मला जपा. आणि एक ध्यानात ठेवा, मित्रांनो. मी प्रत्येक रस्त्यावर नसतो. गाडीत तुम्ही असता. वास आला, तर काका असो की मामा, लाजू नका. बोला आणि खाली उतरा.