संकल्पाआधी

माझा भाऊ विश्वंभर दोन वर्षं आमच्या साऱ्या डोंगरकडा गावाला सांगत होता, आई माझ्याजवळ मुंबईत आहे, खिडकीत बसून समुद्र बघते. ऐकून भावकीचा ऊर भरून यायचा. माझाही यायचा, मी मूर्खच.

त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं मला बोलावणं नव्हतं. पुतणीच्या स्टेटसवर दिसलं, म्हणून सासरहून, शिरड शहापूरहून, मीच निघाले. आईला भेटायचं होतं. वरळीच्या त्या टोलेजंग इमारतीच्या फाटकावर वॉचमनला म्हटलं, गोजरबाईंची लेक आहे.

"कौन, पारुबाईवाली दादी?" मी वर बघत होते, त्यानं बोट भिंतीपलीकडे केलं.

पलीकडे पत्र्यांची वस्ती आणि घाण वास मारणारा समुद्र. विश्वंभरच्या मोलकरणीच्या, पारुबाईच्या खोलीत आई पत्र्याला टेकून बसली होती.

"माय, तू इथं काहून?"

"वर गालिच्यावर मिश्री सांडली गं माझी. सूनबाईला खोकलाबी सहन व्हईना. विश्वंभर म्हणला, थोडे दिस खाली राह्य. इथल्या लोकायला त्यानं सांगितलंय, माय गावाकडं असती. तू नको काही बोलू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पारुबाई जीव लावत होती, आई उपाशी नव्हती. पण पोटच्या पोराच्या घराचे दिवे ती खालून बघत होती. म्हटलं, बस, आलेच.

वर हॉल पाहुण्यांनी भरलेला. विश्वंभर सोवळं नेसून पाटावर बसला होता. गुरुजी संकल्पासाठी त्याच्या हातावर पाणी घालणार, तेवढ्यात मी उंबऱ्यातच बसकण मारली आणि हंबरडा फोडला.

"दादा रे, माय गेली आपली!"

एकदा संकल्प सुटला की सुतक आड येत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून एवढी घाई.

गुरुजींनी पळी खाली ठेवली. विश्वंभर धावत आला. त्याच्या गळ्यात पडून मी कानात सांगितलं, "जित्ती हाय. पारुबाईच्या खोलीत बसली हाय. सांग समद्यायला. आण तिला वर अन् कर पूजा."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्याच्या साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आई गावीच होत्या ना?"

विश्वंभरनं एकदा पारुबाईकडे पाहिलं. ती प्रसादाचं पातेलं धरून उभी होती.

"हो," तो म्हणाला. "गावीच होती."

झोपडीतली आई दाखवण्यापेक्षा त्याला मेलेली परवडली. गुरुजींनी कलश उचलला, पाहुणे चपला शोधू लागले. डोक्याचं मुंडण करावं लागेल, असं गुरुजी त्याला सांगत होते. तेवढं मी मुद्दाम थांबून ऐकलं. मग खाली आले.

"माय, ऊठ. आपल्या घरी जाऊ."

"झाली पूजा?"

"न्हाई. दादाला सुतक आलं."

"अगं बाई! कोण गेलं?"

"त्याच्या जवळचं माणूस." मी तिचं गाठोडं उचललं.

आईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"मंग मी कशी येऊ शिले? असल्या वक्ताला लेकराला एकटं सोडून?" ती म्हणाली आणि पुन्हा पत्र्याला टेकून बसली.